ऊन वापर संस्था

चोरी करताना पकडला गेलेला नागरिकशास्त्राचा शिक्षक बारामतीत मी एकटाच नसेन कदाचित. पण स्वतःच्याच घराच्या गच्चीवर पडलेलं ऊन चोरताना पकडला गेलेला, आणि बायकोच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या सभेत दोषी ठरलेला, असा दुसरा निदान पुणे जिल्ह्यात तरी नसावा. लोक अजून रस्त्यात थांबवून विचारतात, "सर, ते नक्की काय झालं होतं हो?" विचारणाऱ्याला सगळं माहीत असतं. त्याला ते फक्त माझ्या तोंडून ऐकायचं असतं. म्हणून एकदाच सगळं सांगून टाकतो.

मी सोलर बसवायचं ठरवलं ते विजेवरची गाडी घेतली म्हणून, आणि विजेवरची गाडी घेतली ती सोलर बसवायचं ठरवलं होतं म्हणून. यातलं आधी काय ठरलं हे मला आता सांगता येत नाही. शाळेत सहकार, स्वावलंबन, ऊर्जाबचत असे धडे शिकवून माणसाच्या डोक्यात कधीतरी जातंच. पोरांच्या जात नाही, शिकवणाऱ्याच्या जातं.

आमच्या सहयोग कॉलनीत सोलर बसवायचं म्हणजे पॅनेलच्या आधी सल्ले येऊन बसतात. आमच्या शेजारी मोहनराव राहतात. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. उभी हयात नीरा डाव्या कालव्याच्या काठानं मोटारसायकल फिरवण्यात गेली, त्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीला उतार, पाणी सोडायचं दारं आणि गळती असते असं त्यांचं मत आहे. ते आले, गच्चीवर उभे राहिले आणि म्हणाले, "सर, पॅनेलचं तोंड दक्षिणेला करू नका. दक्षिण म्हंजी यमाची दिशा."

पॅनेल बसवायला काटेवाडीचा विराज आला होता. तो म्हणाला, "काका, उत्तरेला तोंड केलं तर पुण्य मिळेल, पण लाईट नाही मिळणार."

पॅनेल दक्षिणेला तोंड करून बसली. मात्र मोहनरावांच्या शेवग्याची सावली बरोब्बर त्यांच्यावर पडायला लागली. मी अगदी हात जोडून विनंती केली, तेव्हा त्यांनी शेवगा अर्ध्यावर छाटला. छाटताना एक शब्द बोलले नाहीत. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

पलीकडच्या घरात साखरबाई. मूळच्या सोमेश्वरनगरच्या, साखर कारखान्याच्या चाळीत वाढलेल्या, म्हणून नाव साखर. स्वभावाचा आणि नावाचा संबंध कारखान्याच्या गेटवरच संपला. त्या मिरची कांडून, मसाले आणि पापड-कुरडया करून विकतात. आमची गच्ची कॉलनीत सगळ्यात सपाट आणि उन्हाची, त्यामुळे गेली कित्येक वर्षं चैत्र-वैशाखात तिच्यावर त्यांचंच वाळवण पसरलेलं असायचं. मी गच्चीवर जायचं झालं तर जिन्यातून ओरडून विचारायचो, "मावशी, येऊ का वर?" आता तिथे पॅनेल आली. साखरबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, म्या सांडगं कुठं घालू? तुमच्या डोक्याव?"

श्यामलेनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, त्यांची समजूत काढली. पॅनेलच्या दोन रांगांमध्ये एक पट्टा उरला होता, तो साखरबाईंना दिला. श्यामला बचत गट चालवते. समजूत काढणं हा तिचा गृहोद्योग आहे, आणि त्यात कच्चा माल मी पुरवतो.

आता राहिलं नेट मीटर. आपली जास्तीची वीज तारेत परत सोडायची आणि ती मोजायची, त्याचं हे मीटर. ते बसेपर्यंत वीज बाहेर सोडायची नाही; वापरलीत तर वापरलीत, नाहीतर वाया. मी वीज कार्यालयात गेलो. तिथले गृहस्थ फार सभ्य होते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, हीच धोक्याची सूचना.

"मीटर आलंय सर, पण तपासून आलेलं नाही."

"तपासायला कधी जाईल?"

"गाडी आली की."

"गाडी कधी येईल?"

"मीटर पुरेसे साठले की."

"किती साठलेत?"

"सध्या तुमचंच एक आहे."

मी आभार मानून घरी आलो. आपण आभार का मानले, हे मला चौकात आल्यावर आठवेना.

आणि मग माझ्या मोबाईलनं माझा घात केला. विराजनं त्यात एक अॅप टाकून दिलं होतं. त्यात किती ऊन पडलं, किती वीज झाली, घरानं किती खाल्ली आणि किती वीज होऊ शकली असती पण झाली नाही, हे सगळं दिसायचं. ही शेवटची रेघ लाल होती. मी ज्या घरात वाढलो तिथे खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवला नाही तर जेवण मिळायचं नाही. उरलेल्या भाताचा फोडणीचा भात, त्यातूनही उरलेल्याचे सांडगे, अशी आमची संस्कृती. आणि इथे भर दुपारी टोपल्यांनी ऊन वाया चाललं होतं. गाडी भरली, टाकी भरली, श्यामलेनं धुतलेले कपडे पुन्हा धुतले, तरी लाल रेघ हटेना. वर्गात शिकवता शिकवता मी खिशातून मोबाईल काढून ती रेघ बघायचो. पोरांना वाटायचं सरांचे शेअर पडले.

एका रविवारी चहाला मोहनराव, साखरबाई आणि समोरची सोनल अशी मंडळी जमली होती. सोनल पतसंस्थेत आहे आणि तिच्याकडे विजेवरची स्कूटर आहे. बोलता बोलता मी ते ऐतिहासिक वाक्य बोलून गेलो.

"वाया जातंय हो सगळं. घ्या की, वापरा. आपलंच आहे."

"आपलंच" हा शब्द आमच्याकडे फार जपून वापरायचा असतो, हे मी नागरिकशास्त्राच्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोर्चमध्ये सोनलची स्कूटर उभी. तिच्याशेजारी साखरबाईंचं मिरची कांडायचं मशीन. आणि भिंतीला टेकून मोहनरावांचे काटेवाडीच्या उसावर फवारायचे बॅटरीचे पंप, ओळीनं, शाळेत प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे. गाडीसाठी पोर्चमध्ये जो जाड प्लगचा बोर्ड बसवला होता, त्याच्यासमोर ही रांग. विराजनं बजावून ठेवलं होतं, "काका, या बोर्डावर एका वेळी एकच मोठी वस्तू. दोन लावल्या की इन्व्हर्टर ओरडणार आणि बसणार." त्याप्रमाणे तो ओरडला आणि बसला. साखरबाई म्हणाल्या सोनलमुळे बसला, सोनल म्हणाली मिरचीमुळे बसला, आणि मिरचीच्या खकाण्यानं मी शिंकत असल्यामुळे माझं मत कुणाला कळलंच नाही.

भांडण वाढलं, तेव्हा मोहनरावांनी हात वर केला. माणूस निवृत्त झाला तरी त्याच्यातला कालवा निरीक्षक वाहताच असतो.

"भांडू नका. मुबलक हाय, पण दारं एकच हाय. म्हंजी पाळी लावली पायजे. कालव्याचं पाणी वाटाय आपण पाणी वापर संस्था करतो का न्हाय? तशी ऊन वापर संस्था करायची."

मला आधी ती थट्टा वाटली. पण बारामतीच्या मातीत दोन माणसं एकत्र आली की दूध संस्था होते आणि चार आली की पतसंस्था. संध्याकाळी रीतसर सभा भरली, माझ्याच पोर्चमध्ये, माझ्याच खुर्च्यांवर. चहा माझा. मी म्हणालो, "थांबा, पण यात तुमचा हक्क कुठून आला?"

मोहनराव शांतपणे म्हणाले, "सर, माझा शेवगा गेला. मी प्रकल्पग्रस्त हाय."

"माझी वाळवणाची जागा गेली," साखरबाई म्हणाल्या. "म्या बी ग्रस्त."

सोनलचं काहीच गेलं नव्हतं. पण पॅनेलची चकाकी तिच्या स्वयंपाकघरात येते असं तिनं तिथल्या तिथे शोधून काढलं आणि तीही ग्रस्त झाली. धरण बांधणाऱ्याला काय वाटत असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

अध्यक्ष कोण, हा प्रश्न आला. मी अगदी नम्रपणे पुढे सरकलो. छप्पर माझं, पॅनेल माझी, आणि 'सहकारी संस्थेचा कारभार' हा धडा माझा पाठ. पण मोहनरावांनी मला बाजूला घेतलं. "सर, आपल्या कॉलनीची परंपरा बिनविरोध निवडीची हाय. वहिनींचं नाव पुढं आलंय. तुमी उभं ऱ्हायला तर निवडणूक लागंल. घरात दोन गट पडतील. मोठं मन करा." मी मोठं मन केलं. श्यामला टाळ्यांच्या गजरात बिनविरोध निवडून आली. नाव पुढं आलं होतं म्हणतात, पण कुणी आणलं होतं हे मला आजवर कळलेलं नाही.

मग पाळी ठरली. एकेका घराला आठवड्यातला एकेक दिवस. सुरुवात कुठून? मोहनरावांनी नियम सांगितला आणि तो सांगताना त्यांचा आवाज जड झाला, कारण सगळी नोकरी तो नियम पाळला जावा म्हणून ते भांडले होते आणि एकदाही तो पाळला गेला नव्हता. कालव्याच्या तोंडाशी ज्यांची शेतं ते हेडचे. टोकाला ज्यांची शेतं ते टेलचे. हेडचे आधी भरून घेतात आणि टेलचे कोरडे राहतात. म्हणून न्यायाचा नियम असा, की पाणी आधी टेलला द्यायचं आणि हेडला सगळ्यात शेवटी.

"आणि हितं हेडला कोण?" मोहनरावांनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कॉलनीच्या टोकाच्या घराला सोमवार मिळाला. साखरबाईंना बुधवार. मला रविवार. एक पांढरा बोर्ड आणून पोर्चच्या भिंतीवर ठोकला आणि त्यावर मोठ्या अक्षरात नावं लिहिली. माझं नाव सगळ्यात खाली. खिळाही माझाच होता.

खरं सांगतो, मला ते लागलं. ऊन देण्याचं दुःख नव्हतं, ते वायाच जात होतं. पण घरी येणारा प्रत्येक पाहुणा आधी तो बोर्ड वाचायचा आणि मग माझ्याकडे बघायचा. एकदा पोस्टमननं विचारलं, "सर, तुम्ही इथे भाड्यानं राहता का?"

यानंतर गोष्टीत माझे सासरे येतात. रामहरी आबा. इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीला त्यांची शेती. ऊस लावतात आणि कालव्याच्या टेलला असल्यामुळे तो वाळताना बघतात. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. दोन वर्षं श्यामला त्यांच्या मागे लागली होती, ऑपरेशन करून घ्या. आबा म्हणायचे, "बघायसारखं हाय काय आता?" मागच्या महिन्यात ते बांधावरून घसरून पाटात पडले. नशीब, टेलला असल्यामुळे पाटात पाणी नव्हतं. श्यामलेनं फोन ठेवला आणि ओट्याला टेकून कितीतरी वेळ उभी राहिली. त्या संध्याकाळी आमच्याकडे भाजी करपली, आणि मी ती मुकाट्यानं खाल्ली.

शेवटी आबा तयार झाले, पण अट घालून. निरवांगीच्या पारावर चर्चा झाली होती की जावयाची ती गाडी खेळण्यातली आहे, उन्हावर कुठं गाडी पळती का, आणि पळालीच तर निरवांगीपर्यंत येती का. आबांनी पैज घेतली होती. त्यांनी मला फोन केला.

"जावईबापू, शुक्करवारी डॉक्टर बोलीवतोय न्हवं? बेस्तरवारी गाडी घिऊन या. तुमच्या त्या उन्हावरच्या गाडीतनंच येणार. पर एक हाय. बाजारची लाईट भरून आणली तर मी चढणार न्हाय. उन्हाचीच पायजे. पारावर शब्द दिलाय."

मी म्हणालो, "आबा, निश्चिंत राहा."

हे मी बुधवारी सकाळी म्हणालो आणि बाहेर येऊन गाडी बघितली. गाडीत जेमतेम पाटसच्या रस्त्याला लागून परत येण्याइतका जीव होता. रविवारचं सगळं ऊन मी सोमवारी आणि मंगळवारी जुन्या सहकाऱ्यांना गाडी दाखवण्यात, एसी लावून, उडवलं होतं. माझी पुढची पाळी रविवारी. डॉक्टरांची तारीख शुक्रवारी. ती चुकली तर पुढची कधी मिळेल सांगता येत नव्हतं, आणि आबा दुसऱ्यांदा तयार होतील याची तर श्यामलेलाही खात्री नव्हती.

श्यामला कामाला निघाली होती. मी म्हटलं, "आज गाडीला ऊन लागेल."

"आज साखरबाईंचा दिवस आहे. त्यांना विचारा. त्या देतील."

"तू अध्यक्ष आहेस. सांग त्यांना."

"अहो, पहिल्याच महिन्यात अध्यक्षानं वडिलांसाठी पाळी मोडली, तर उद्या माझं कोण ऐकेल? तुम्ही सभासद म्हणून विचारा ना. दोन शब्दांचं काम आहे."

दोन शब्दांचंच काम होतं. "मावशी, द्याल?" पण माझ्या घरात, माझ्या पोर्चमध्ये, माझ्या छपराचं ऊन मी साखरबाईंकडे मागू? मला मान आहे की नाही? मी म्हटलं, "बघतो." नवरा "बघतो" म्हणाला की तो काय बघणार आहे, हे बायकांना आधीच दिसतं. श्यामला पिशवी उचलून गेली.

शाळेला सुट्टी होती, त्यामुळे मी घरीच. दुपारी साखरबाई मशीन बंद करून जेवायला घरी गेल्या. जेवणानंतर त्या पडतात. सगळी कॉलनीच पडते. कुत्रीसुद्धा गाड्यांखाली जातात. डोक्यावर ऊन रणरणत होतं आणि बोर्डावरचा एक प्लग रिकामा होता. लाल रेघ वर वर चढत होती. मी स्वतःला समजावलं, ही चोरी नव्हे, ही नासाडी टाळणं आहे. इतिहासात सगळ्या राजवटी अशाच वाक्यानं सुरू झाल्या आहेत, हे मी स्वतः शिकवतो.

मी दबकत गाडीची वायर काढली. बोर्डात घातली. वायर दिसू नये म्हणून तिच्यावर सतरंजी अंथरली. सतरंजीचा संशय येऊ नये म्हणून तिच्यावर बसलो. नुसतं बसलेलं बरं दिसेना म्हणून उत्तरपत्रिका तपासायला घेतल्या. गाडीचा दिवा हिरवा झाला आणि माझ्या जिवात जीव आला. पहिल्याच पेपरात एका मुलानं लिहिलं होतं, 'कायद्यापुढे सर्व समान असतात, सर सोडून.' मी त्याला पूर्ण गुण दिले.

तेवढ्यात फाटक वाजलं.

"मास्तर, झळा लागत्यात, हितं काय बसलाय?" साखरबाई. नेमक्या त्या दिवशी त्यांना झोप लागली नव्हती. लग्नाची ऑर्डर होती.

"पेपर तपासतोय, मावशी. आत... आत उजेड कमी आहे."

"व्हय?" त्यांनी भर उन्हाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "उठा जरा, मशीन लावू द्या."

"नंतर लावा ना. वारं आहे, मिरची उडेल."

झाडाचं पान हलत नव्हतं. साखरबाईंनी वाकून मशीनचं बटण दाबलं.

इन्व्हर्टरनं जी किंकाळी फोडली ती गणपतीच्या मिरवणुकीतही ऐकू गेली असती. मशीन थांबलं, घरातले पंखे थांबले, गाडीचा दिवा लाल झाला. मी सतरंजीवरच बसलेला. साखरबाईंनी सतरंजीचं टोक नुसत्या पायाच्या अंगठ्यानं उचललं. खाली वायर. वायर एकीकडे बोर्डात, एकीकडे गाडीत. घराघरांतून माणसं डोळे चोळत बाहेर आली. सोनल घरूनच काम करत होती, ती कानाला मोबाईल लावून आली आणि पलीकडच्याला म्हणाली, "एक मिनिट हं, आमच्याकडे ऊनचोर सापडलाय."

मोहनरावांना मी इतकं आनंदी कधीच पाहिलं नव्हतं. नोकरीत त्यांनी ज्या ज्या पाणीचोरांना पकडलं ते सगळे वरून फोन आणून सुटले होते. हा पहिला असा होता ज्याला वर कुणी नव्हतं. वर फक्त पॅनेल होती. त्यांनी उभ्या उभ्या पंचनामा केला. "घटनास्थळी एक सतरंजी, एक वायर. आरोपी शिक्षक असून सतरंजीवर बसलेल्या स्थितीत." मला म्हणाले, "सर, हेडवाला तो हेडवालाच. शिकला तरी दारं फोडतोच."

संध्याकाळी सभा भरली. श्यामला अध्यक्षस्थानी. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी सारखा तिच्याकडे बघत होतो आणि तिचे डोळे लाल दिसत होते, ते मिरचीनं नव्हते. मला वाटलं, हा सगळा तमाशा एकवेळ परवडला, पण उद्या आबांना आणणार कोण? त्यांनी पारावर शब्द दिलाय. गाडी गेली नाही की ते खाटेवर पडून राहतील, आणि पुन्हा कधीतरी पाटात पडतील. आणि हे माझ्या दोन न बोललेल्या शब्दांमुळे. पहिल्यांदाच मला स्वतःची लाज वाटली. आधी वाटत होती ती लोकांची होती.

मी उभा राहिलो. "चूक झाली. मागायला हवं होतं, मागितलं नाही." मग आबांचं सगळं सांगितलं.

साखरबाईच आधी बोलल्या. "आन् हे सकाळी का न्हाय बोलला? डोळ्याचं काम. म्या दिवसभर मशीनला हात बी लावला नसता. तोंडात काय सांडगं भरलं हुतं?"

पण सूर्य मावळला होता. उद्याचा गुरुवार द्यायला सगळे तयार होते, तरी दिवसभर गाडी भरून मग निरवांगीला जाऊन येईपर्यंत उशीर झाला असता, कारण शुक्रवारच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीला डॉक्टरांनी गुरुवारी दुपारीच बोलावलं होतं. श्यामला म्हणाली, "आबांना खरं सांगायचं. आत्ता." तिनं फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा केला आणि माझ्या हातात दिला. अध्यक्षांचा तो पहिला आणि शेवटचा हुकूम, जो मी एका दमात पाळला.

मी सांगितलं. संस्था, बोर्ड, टेल, हेड, रविवार, सतरंजी, सगळं. पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"आबा?"

"थांबा, थांबा." आबांचा आवाज चमत्कारिक येत होता. "परत सांगा. हेडचा कोण?"

"मी."

"आन् हेडच्याला पाळी शेवटची?"

"हो."

"आन् हेडच्याला पाणी... ऊन... मिळालं न्हाय?"

"नाही आबा."

"आन् हेडचाच धरला?"

मग आबा जे हसले ते श्यामलेनंही जन्मात ऐकलं नव्हतं. हसता हसता त्यांना ठसका लागला, पाणी प्यायले, परत हसले. "आरं, सत्तर-बहात्तर वर्सं झाली मला. टेलला जलमलो, टेलला म्हातारा झालो. हेडवाल्यानं पाणी मारलं न्हाय असं एक साल गेलं न्हाय. आन् आज हेडवाला कोरडा ऱ्हायला! आन् त्यो बी माझाच जावई! त्यो बोर्ड हाय न्हवं भिताडाव?"

"आहे."

"त्यो मला वाचायचाय. माझ्या डोळ्यानं. श्यामे, मी उद्या सकाळच्या दुधाच्या टेम्पोत बसतो. गेली पैज खड्ड्यात. डोळा करून घ्या म्हनावं पयला."

दुसऱ्या दिवशी आबा दुधाच्या कॅनांमध्ये बसून, फेटा सांभाळत बारामतीत उतरले. शुक्रवारी ऑपरेशन झालं. साखरबाईंनी पथ्याचं जेवण पाठवलं, बिनमिरचीचं. त्यांच्या घराण्यात असं जेवण पहिल्यांदाच झालं असावं. डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा डॉक्टरांनी बोटं दाखवून विचारलं, किती? आबा म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. घरी चला."

पोर्चमध्ये उतरल्यावर काळा चष्मा किंचित वर करून ते बोर्डासमोर उभे राहिले. वरून एकेक नाव बोटानं वाचत खाली आले. शेवटच्या नावावर बोट थांबलं. मला वाटलं आता हसतील. पण ते हसले नाहीत. त्यांनी बोर्डावरून हात फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. "आसं लिवलेलं असतं व्हय," म्हणाले. "मला वाटलं नुसतं भाषणातच असतं."

मोहनराव चक्क आत तोंड धुवायला गेले.

आबांना परत पोचवायचा प्रश्न आला, तेव्हा माझी शिक्षा सुरूच होती. दंड म्हणून पुढची पाळी बंद. पण मोहनरावांनी कायदा शोधला. "आबांना सभासद करून घ्या. त्यांचं घर निरवांगीला. म्हंजी सगळ्यात टोकाचं टेल कोण?"

"मी," आबा म्हणाले.

"मग पयली पाळी तुमची."

बोर्डावर सगळ्यात वर, सोमवारसमोर, आबांचं नाव चढलं. आबांनी आपल्या पाळीचं ऊन माझ्या गाडीत भरायला परवानगी दिली. मी त्यांना आणि श्यामलेला घेऊन निरवांगीला गेलो. गाडी आवाज न करता पाराजवळ थांबली. लोक जमले. आबा खाली उतरले, चष्मा सरळ केला आणि म्हणाले, "बाजारची लाईट न्हाय. उन्हावर आली. आन् ऊन माझ्या पाळीचं हाय, जावयाला उसनं दिलंय."

श्यामला खिडकीबाहेर बघत हसत होती. मी गाडी वळवून लावली.

परवा वीज कार्यालयातून माणूस आला आणि नेट मीटर बसवून गेला. बरेच मीटर साठले असावेत. आता जास्तीची वीज तारेत जाईल, मोजली जाईल, काही वाया जाणार नाही. म्हणजे संस्थेची गरज संपली. मी हातोडी घेतली, स्टूल घेतलं आणि बोर्ड काढायला पोर्चमध्ये गेलो. खिळा निम्मा उपसला होता तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"जावईबापू, माझी पाळी सोमवारीच हाय न्हवं अजून?"

"आहे आबा. का?"

"दुसरा डोळा ऱ्हायलाय की."

मी हातोडी उलटी धरली आणि खिळा परत आत ठोकला.